कुणीही चालेल

दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली होती. काळ्या पार्श्वभूमीवर पांढुरके, किंचित थरथरल्यासारखे ठिपके. डावीकडच्या चित्रात ते कुठे दाट, कुठे विरळ, मध्येच तीन-चार जागा सलग मोकळ्या. उजवीकडच्या चित्रात एकही जागा न सोडता सगळे ओळीत. प्रत्येक ठिपका म्हणजे रुबिडियमचा एक अणू, आणि दोन चित्रांमध्ये सेकंदाचा एक लहानसा तुकडा गेलेला. एकेका अणूत माहिती ठेवणाऱ्या क्वांटम संगणकावरच्या एका व्याख्यानाचं ते चित्रमुद्रण होतं. श्रोत्यांमधून कुणीतरी विचारलं, "पण सर, पहिल्यापासूनच सगळ्या जागा भरून का घेत नाही आपण? आधी विस्कटलेलं घ्यायचं आणि मग आवरत बसायचं, हे कशासाठी?" व्याख्याते म्हणाले, "भरता येत नाहीत म्हणून," आणि पुढच्या चित्राकडे वळले. वेळ संपत आली होती, त्यांचा इलाज नव्हता. मी मात्र तिथेच अडकून राहिले. बऱ्याच रात्री निजताना ते डावीकडचं विस्कटलेलं चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि वाटायचं, भरता येत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं?

होतं असं. लेझरचा झोत भिंगातून इतका बारीक करतात की केंद्रबिंदूपाशी त्याची रुंदी जेमतेम एक मायक्रोमीटर उरते. तिथे प्रकाश सर्वांत तीव्र असतो, आणि योग्य रंगाचा प्रकाश असेल तर अणू त्या तीव्र जागेकडे ओढला जातो. हा प्रकाशाचा चिमटा. १९८६ मध्ये बेल लॅब्जमध्ये आर्थर अॅश्किन यांनी तो सूक्ष्म कणांवर चालवून दाखवला आणि २०१८ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी, त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. असे शेकडो चिमटे जाळीसारखे मांडायचे आणि निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला अणूंचा ढग त्यांच्यावर सोडायचा. एकेका चिमट्यात एक पडतो, दोन पडतात, कधी तीन. मग थंड करणारा प्रकाश पुन्हा चालू केला की एकाच चिमट्यातले दोन अणू एकमेकांवर आदळतात, त्या प्रकाशातून ऊर्जा घेतात आणि दोघेही बाहेर फेकले जातात. जोडीजोडीनं. सम संख्या असेल तर शून्य उरतं, विषम असेल तर एक. फ्रान्समध्ये ओर्से इथे फिलिप ग्रांजिए यांच्या गटानं २००१ मध्ये हे दाखवलं. एका चिमट्यात कधीही एकापेक्षा जास्त अणू राहत नाही, ही ज्या घटनेची देणगी, तिचीच किंमत अशी की साधारण निम्मे चिमटे रिकामे राहतात. प्रकाशाचा रंग आणि तीव्रता जुळवून हे प्रमाण ८०-९० टक्क्यांपर्यंत नेता आलं आहे, पण रिकाम्या जागा काही संपत नाहीत.

मी कागदावर हिशोब मांडून पाहिला. ५० चिमटे, प्रत्येक भरण्याची शक्यता निम्मी. सगळे एकदम भरण्याची शक्यता २ च्या ५०व्या घातात एक. दर सेकंदाला १० वेळा ढग सोडून पाहिला, तरी एकदा तसं घडायला सरासरीनं ३५ लाख वर्षं लागतील. आणि ५० अणू म्हणजे या विषयात आता काहीच नव्हे.

वाट पाहून जमणार नाही, म्हणून हलवायचं.

कॉलेजात आम्हाला 'असाइनमेंट प्रॉब्लेम' होता. इतकी माणसं, तितकी कामं, प्रत्येक जोडीचा खर्च दिलेला, आणि एकूण खर्च कमीत कमी होईल अशा जोड्या लावायच्या. हंगेरियन पद्धत. आधी प्रत्येक ओळीतला सर्वांत लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा, मग प्रत्येक स्तंभातला, मग जी शून्यं उगवतील ती कमीत कमी रेषांनी झाकायची. पेन्सिलीनं ओढलेल्या त्या आडव्या-उभ्या रेषा, खोडून खोडून पातळ झालेला कागद, आणि शेवटी नेमक्या जागी आलेल्या शून्यांभोवती केलेले गोल. उत्तर आलं की ते सर्वोत्तमच असतं, त्याहून चांगलं कुणालाच काढता येणार नाही, या खात्रीचा मला तेव्हा फार आनंद व्हायचा. हॅरोल्ड कून यांनी ही पद्धत १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. देनेश कनिग आणि येने एगरवारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी होती, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव बाजूला ठेवून त्या दोघांच्या देशाचं नाव तिला दिलं. एगरवारींचा १९३१ चा लेख वाचता यावा म्हणून कून यांनी शब्दकोश आणि व्याकरणाचं पुस्तक घेऊन तो हंगेरियनमधून स्वतः उलगडला होता. आणि पुढे अनेक वर्षांनी लक्षात आलं की जर्मन गणितज्ञ याकोबींनी हीच वाट एकोणिसाव्या शतकात शोधून ठेवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९० मध्ये ती लॅटिनमध्ये छापलीही गेली होती. मला या साखळीचं अप्रूप वाटतं. ज्यांनी कधी एकटा अणू पाहिला नाही, पाहता येईल असं कदाचित मानलंही नसतं, त्यांची रीत आज कुठला अणू कुठल्या भोकात, म्हणजे रिकाम्या चिमट्यात, जाईल हे ठरवायला घेतली जाते.

कारण प्रश्न तोच आहे. कॅमेरा चित्र घेतो, कुठल्या चिमट्यात अणू आहे आणि कुठल्यात नाही ते कळतं. हे अणू, ही रिकामी जागा, हे अंतर. आणखी एक चिमटा, हलता येणारा, अणू उचलतो, नेतो, ठेवतो. २०१६ च्या नोव्हेंबरात 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. फ्रान्समधल्या अँत्वान ब्रोवेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सपाट मांडणीत सुमारे ५० अणू एकेक करून हव्या त्या आकारात बसवले. हार्वर्ड, एमआयटी आणि कॅलटेकच्या मंडळींनी एका ओळीत १०० चिमटे घेऊन ५० हून अधिक अणू सलग उभे केले. दोन वर्षांनी फ्रेंच गटानं त्रिमितीत मांडणी केली आणि अणूंचा आयफेल टॉवर बांधला. तो पाहताना माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं होतं, हे लिहायला संकोच वाटत नाही. १९५२ मध्ये क्वांटम सिद्धान्ताचे एक जनक श्रोडिंगर यांनी लिहिलं होतं की आपण कधीच एकट्या अणूवर प्रयोग करत नाही. तसं मानणं हा केवळ विचारप्रयोग असतो. त्यानंतर एका माणसाचं आयुष्य सरेल एवढाच काळ गेला आहे.

आता खरी अडचण. हे अणू ज्या काचेच्या पेटीत धरतात, तिच्यात कितीही चांगली निर्वात पोकळी केली, तरी हवेचे काही रेणू उरतातच. असा एखादा रेणू येऊन आदळला की पकडलेला अणू गेला. समजा एक अणू चिमट्यात सरासरी २० सेकंद टिकतो. ऐकायला पुरेसं वाटतं. पण १००० अणू असतील तर त्यांतला कुठला ना कुठला दर २० मिलिसेकंदांना जाणार. आणि हलवायचे किती? भरायच्या १००० जागांपैकी निम्म्या रिकाम्या, म्हणजे आजूबाजूच्या जादा चिमट्यांतून सुमारे ५०० अणू आणायचे. उचलायला थोडा वेळ, न्यायला थोडा, ठेवायला थोडा, मिळून प्रत्येकी १ मिलिसेकंद धरला तरी अर्धा सेकंद. तेवढ्या वेळात २५ नवी भोकं पडलेली असतात. एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे गळत राहायचं. त्यात भर म्हणजे हंगेरियन पद्धतीचा हिशोब अणूंच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १००० अणूंसाठी तो १०० कोटी पायऱ्यांच्या घरात जातो. संगणक आकडे वजा करत बसलेला असताना पेटीतले अणू कमी होत असतात. सर्वोत्तम उत्तर हाती येतं तेव्हा ज्या चित्रासाठी ते काढलं, ते चित्रच खरं उरलेलं नसतं.

अणूला जोरात ओढून नेता येत नाही का? थोडंफार येतं. पण चिमटा झटक्यानं हलला की आतला अणू हिंदकळतो, तापतो आणि काठावरून बाहेर पडतो. म्हणून हळू सुरुवात, मध्ये वेग, शेवटी पुन्हा हळू. मिलिसेकंदाला काही दहा मायक्रोमीटर, एवढीच साधारण मुभा. वेग एकेका अणूच्या चालीत मिळणार नसेल, तर तो दुसरीकडे शोधायला हवा. एकाच वेळी किती अणू हलतात, यात.

आणि इथे ते यंत्र येतं, ज्याच्याबद्दल वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसले होते. हलता चिमटा हलवणारं त्यात काही नसतंच. एका पारदर्शक स्फटिकातून ध्वनीची लहर सोडतात, कानाला न येणारी, सेकंदाला काही कोटी कंपनांची. त्या लहरीवरून लेझरचा झोत वाकतो. स्वर बदलला की वाकण्याचा कोन बदलतो. म्हणजे स्वर चढवत नेला तर झोत सरकतो, आणि झोतात धरलेला अणू त्याच्याबरोबर. एकाच वेळी अनेक स्वर सोडले तर तितके झोत, तितके चिमटे. आवाज प्रकाशाला वळवतो आणि प्रकाश पदार्थाला. असे दोन स्फटिक, एक आडवा आणि एक उभा, मिळून सपाट मांडणीत कुठेही पोचता येतं.

पण या यंत्राचे दोन नियम आहेत. पहिला, आडवे पाच स्वर आणि उभे चार सोडले तर चिमटे प्रत्येक छेदावर तयार होतात, वीसच्या वीस. त्यांतले मनाला येतील तेवढेच निवडता येत नाहीत. दुसरा, दोन स्वर एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. फार जवळ आले की त्या दोन झोतांची एकमेकांत गडबड होते आणि अणू निसटतात. डावीकडचा डावीकडेच राहणार, उजवीकडचा उजवीकडे.

पहिल्यांदा वाचताना दुसरा नियम मला फार जाचक वाटला. एखादा अणू उजव्या टोकाच्या जागेसाठी नेमलेला असेल आणि वाटेत दुसरा उभा असेल, तर? मग हळूहळू उमगलं की नेमलेला हा शब्दच इथे लागू नाही. एकाच ओळीचा विचार करा. दोन अणू, दोन रिकाम्या जागा. डावा अणू उजव्या जागेकडे आणि उजवा डाव्या जागेकडे निघाला, तर वाटा एकमेकींना छेदतील. आता फक्त त्यांची गंतव्य स्थानं बदला. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. एकूण अंतर कधीही वाढत नाही, बहुतेकदा घटतंच. सपाट मांडणीत सरळ वाटा एकमेकींना छेदत असतील तरी हेच. म्हणजे न ओलांडण्याचा जो नियम यंत्रानं लादला, तो एका ओळीत पाळायला काहीच खर्च येत नाही. सर्वोत्तम उत्तर तसंच असतं. आणि हे शक्य होतं ते एकाच कारणानं. रुबिडियम-८७ चा एक अणू आणि दुसरा अणू यांत काडीचाही फरक नाही. साधारण सारखे असा याचा अर्थ नाही. निसर्गानं त्यांच्यावर कुठलीच खूण ठेवलेली नाही, इतके सारखे. त्या जागी कोण यावं, या प्रश्नाचं उत्तर आहे, कुणीही चालेल.

हे मान्य केलं की सगळं सुटसुटीत होतं. ओळीत जे चिमटे रिकामे आढळले त्यांचे स्वर बंद करायचे. उरलेले सगळे स्वर एकदम सरकवायचे, अंतरं समान होईपर्यंत. पूर्ण ओळ काही मिलिसेकंदांत सलग. २०१६ च्या ओळीतल्या प्रयोगात हेच केलं होतं. कुणाचा मार्ग कुठला हे एकेकाला विचारलंच नाही.

जाळीत थोडी जास्त खटपट आहे. ओळीमागून ओळ दाबत गेलं तर कामं अणूंच्या संख्येइतकी न राहता ओळींच्या संख्येच्या आसपास उरतात. १००० च्या जाळीत ओळी ३२, म्हणजे ५०० फेऱ्यांच्या जागी काही डझन. पण नशीब सगळ्या ओळींना सारखं वाटत नाही. १०० चिमट्यांच्या ओळीत सरासरी ५० अणू, पण पाच-सहा इकडे-तिकडे नेहमीचंच. एखादी ओळ ४३ वर अडकते, शेजारची ५७ घेऊन बसते. म्हणून आधी उभ्या दिशेनं उसनवारी, तुटीच्या ओळींना शिलकीच्या ओळींकडून, आणि मग आडवं दाबणं. गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक समांतर रीती या दोन हालचालींच्या निरनिराळ्या जुळण्या आहेत. त्यांत एकेका अणूनं कापलेलं अंतर हंगेरियन उत्तरापेक्षा जास्त भरतं. कित्येक अणू विनाकारण हलतात; जिथे होते तिथे राहिले असते तरी चाललं असतं. तरीही घड्याळ लवकर थांबतं. शून्यांभोवती गोल काढणाऱ्या माझ्यातल्या विद्यार्थिनीला हे पटायला वेळ लागला. प्रत्येकासाठी कमीत कमी काय, यापेक्षा सगळ्यांना एकाच हालचालीत काय जमेल, हा वेगळा प्रश्न आहे, आणि पेटीतला रेणू फक्त दुसऱ्या प्रश्नाची कदर करतो.

२०२५ मध्ये चीनमधल्या पान ज्यानवेई यांच्या गटानं याच्याही पुढे जाऊन स्वरांचा नियमच बाजूला ठेवला. द्रवस्फटिकाच्या पडद्यावर प्रकाशाचे ठसे बदलत न्यायचे, प्रत्येक ठशात सगळे चिमटे किंचित पुढे. ते ठसे झटपट काढायला न्यूरल नेटवर्क शिकवलेलं. २०२४ अणू, ६० मिलिसेकंद. आणि अणू वाढले तरी वेळ तेवढाच, कारण सगळेच एकदम चालतात.

एक गोष्ट मात्र मला बोचते. मांडणी पूर्ण झाली की उरलेल्या अणूंचं काय? त्यांचे चिमटे बंद करतात. ते पडतात, पेटीच्या भिंतीला जाऊन चिकटतात. अणूला काही वाटत नाही हे मला कळतं. तरी जे निवडले गेले आणि जे गेले त्यांच्यात काहीही फरक नव्हता, ही जाणीव जात नाही. जिथे जागा होती तिथे ते नव्हते, इतकंच. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात डेव्हिड वाइस यांच्या गटानं त्रिमितीतल्या अणूंची अशीच लावणी केली आणि तिला मॅक्सवेलच्या सैतानाचं प्रत्यक्ष रूप म्हटलं. १८६७ मध्ये मॅक्सवेल यांनी एका पत्रात कल्पना मांडली होती, की एकेक रेणू पाहून दार उघडणारा-मिटणारा कुणी असेल तर तो पसाऱ्यातून व्यवस्था काढू शकेल. त्या काल्पनिक जीवाच्या हातात फक्त माहिती होती, जोर नव्हता. कॅमेऱ्याचं ते एक चित्र म्हणजे तीच माहिती. डावीकडच्या चित्राचा पसारा तेव्हापासून मला वेगळा दिसू लागला. तो नीट पाहिला गेला आहे, एवढ्यानंच तो अर्धा आवरलेला असतो.

आणि मग गणना सुरू होते, तेव्हा सगळं पालटतं.

जाळी सलग झाल्यावर त्या अणूंना क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे घटक, म्हणून वापरायचं. लेझरच्या ठोक्यांनी एकेकात अवस्था भरायची, शेजाऱ्यांशी गुंतवायची, म्हणजे एकाची अवस्था दुसऱ्याला सोडून सांगताच येणार नाही अशी जोडायची. त्या क्षणानंतर याच्या जागी तो चालत नाही. अणू अजूनही सारखेच, पण एकाजवळ जे सोपवलं ते दुसऱ्याजवळ नाही. २०२२ मध्ये हार्वर्डमध्ये मिखाईल लुकिन यांच्या गटानं दाखवलं की गुंतलेले अणू उचलून दूर नेले तरी त्यांचा गुंता टिकतो. म्हणजे गणनेच्या मध्येच याला त्याच्या शेजारी आणता येतं. मग खरोखरच नेमलेल्या जागा असतात, आणि वाटा बदलून घेण्याची सवड संपते. न ओलांडण्याचा नियम आता पूर्ण वजनानिशी अंगावर येतो.

त्याच्यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. पत्त्यांचा जोड पिसताना आपण त्याचे दोन भाग करतो आणि ते एकमेकांत घुसवतो. प्रत्येक भागाच्या आत पत्त्यांचा क्रम बदलत नाही, कुणी कुणाला ओलांडत नाही, तरी एकूण क्रम बदलतो. कुठला पत्ता कधी पडेल हे आपल्या हातात असेल, तर ५२ पत्ते अशा फक्त सहा पिसण्यांत कुठल्याही क्रमातून कुठल्याही क्रमात नेता येतात, कारण २ चा सहावा घात ६४ आहे. अणूंच्या ओळीतही तसंच. काही अणू एकत्र उचला, ओळीच्या बाजूला काढा, आपसांतला क्रम न मोडता पसरवा, पुन्हा उरलेल्यांच्या मधल्या जागांत बसवा. १००० अणू, दहा वेळा. जाळीत मन मानेल तशी अदलाबदल करायची असेल तर आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी, एवढ्या तीन टप्प्यांत ती नेहमीच होते, आणि होतेच याची हमी ज्या प्रमेयातून मिळते ते कनिग यांचं आहे, १९१६ चं. तेच कनिग, ज्यांच्यामुळे आमच्या पद्धतीला हंगेरियन म्हणतात. १९४४ मध्ये बुडापेस्टमध्ये ज्यूंचा छळ सुरू असताना त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांचं प्रमेय दोन्ही बाजूंनी उपयोगी पडतं. अणू सारखे असतात तेव्हा आणि ते सारखे राहत नाहीत तेव्हाही.

अलीकडे पोकळ्या खूप सुधारल्या आहेत. कॅलटेकमध्ये मानुएल एंद्रेस यांच्या गटानं १२,००० चिमट्यांत ६,१०० सीझियमचे अणू धरले, आणि तिथे एक अणू सरासरी २३ मिनिटं टिकतो. तरी भागाकार केला तर दर पाव सेकंदाला एक जातोच. गळती थांबणार नाही असं गृहीत धरूनच पुढचं आखावं लागतं. हार्वर्डमध्ये २०२५ मध्ये ३,००० हून अधिक अणूंची जाळी दोन तासांपेक्षा जास्त काळ अखंड चालवली गेली. प्रकाशाच्या सरकत्या पट्ट्यावरून नवे अणू सतत येत राहिले आणि गेलेल्यांच्या जागी बसत राहिले. त्या दोन तासांत एकूण ५ कोटींहून अधिक अणू त्या यंत्रातून गेले. नवा अणू कोराच येतो. जाणारा जे घेऊन गेला ते त्याच्याकडे नसतं, ते उरलेल्या शेजाऱ्यांच्या गुंत्यातून पुन्हा उभं करावं लागतं, आणि त्यासाठीच माहिती एका अणूत न ठेवता पुष्कळांत वाटून ठेवायची असते. यामुळे मांडणी आधी आणि गणना नंतर, ही जुनी वाटणी मोडत चालली आहे. कुठला अणू आत्ता कुणीही चालेल असा आहे आणि कुठला अजिबात बदलता येणार नाही, हे ठरवणारा हिशोब आता गणना चालू असतानाच, काही मिलिसेकंदांच्या आत, पुन्हा पुन्हा करावा लागणार आहे.